नाव नाही, नंबर नाही

जालन्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. २०२० च्या नोव्हेंबरात लॉकडाऊन उठला होता, पण कामं काही आली नव्हती. अशाच एका रिकाम्या दुपारी भाच्यानं मोबाइल पुढं केला. "मामा, हे बघ. एलियननं रोवलंय म्हणायलेत."

अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात, लाल खडकांच्या घळीत, दहाएक फुटी चकचकीत तिकोनी खांब. १८ नोव्हेंबरला हेलिकॉप्टरमधून रानमेंढ्या मोजत फिरणाऱ्या सरकारी माणसांना तो दिसला.

मी फोटो मोठा करून आधी कडा बघितल्या. स्टेनलेसचा पत्रा, त्यावर रिव्हेट. म्हटलं, एलियनबिलियन काही नाही, हे आपल्याच जातभाईचं काम. खरा घाम मात्र बुडाशी गाळलेला. खडकात खाच कापून खांब त्यात बसवलेला. तिकडचा खडक वाळूचा, कटरला दाद देतो. आमच्या काळ्या दगडात ब्लेडं खपतात नुसती. (एका विहिरीवर मोटारीच्या शेडचे चार पाय रोवायला दोन दिवस गेले होते. त्याचे पैसे अजून यायचेत.) तरी तसल्या आडरानात पत्रा, कटर, प्यायचं पाणी, सगळं वाहून न्यायचं म्हणजे!

आमचे चाचा चाळीस वर्षं वेल्डिंग करतात. त्यांनी एकच विचारलं, "बिल किसके नाम से फाड्या होंगा?"

हसलो, पण ते डोक्यातून जाईना. आम्ही संडासाचं दार केलं तरी त्यावर ऑइलपेंटनं दुकानाचं नाव अन् मोबाइल नंबर टाकतो. इथं काहीच नाही. उपग्रहाच्या जुन्या फोटोंत ऑगस्ट २०१५ ला तो खांब नाही, ऑक्टोबर २०१६ ला आहे. म्हणजे निदान चार वर्षं तो तिथं उभा, अन् करणारा गप्प. मला चार तास दम निघाला नसता, स्टेटस टाकून मोकळा झालो असतो.

सापडल्यावर मात्र दहा दिवसही टिकला नाही. सरकारनं ठिकाण सांगितलं नव्हतं, तरी लोक पोचले, गाड्यांनी झुडपं तुडवली. २७ तारखेच्या रात्री चौघं आले, खांब ढकलून पाडला अन् हातगाड्यावर घालून नेला. रानात गर्दी अन् घाण नको, असं त्यांचं म्हणणं. मागं वरचं तिकोनी झाकण तेवढं राहिलं.

चाचांनी तोंडावरची काच वर केली. "मतलब ढक्कन को पूरी वेल्डिंग नै करे. टाकाच मारे," म्हणाले, अन् काच परत खाली.