घोळणा, घाम आणि दुसऱ्या दिवसाचं रक्त

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक दिवस, लागला की विदर्भातल्या गावांत दोन वाक्यं घरोघरी ऐकू येतात. "पोराचा घोळणा फुटला", म्हणजे नाकातून रक्त आलं, आणि "त्याला ऊन लागलं". दोन्हींचं कारण एकच सांगितलं जातं, उष्णता डोक्यात चढली. खरं तर पहिली गोष्ट बहुतेक वेळा नाकाच्या पडद्यापुरती असते. दुसरी मात्र थेट रक्ताच्या गोठण्यावर येऊ शकते, आणि तीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे माणूस वाचला असं घरच्यांना वाटायला लागल्यावर.

आधी घोळणा. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात, बोट जिथं सहज पोचतं तिथं, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. मे महिन्यातल्या कोरड्या हवेनं तिथलं अस्तर सुकतं, खपली धरते, पोरगं ती खरवडतं आणि धार लागते. मग मान मागे टाकून डोक्यावर थंड पाणी ओततात. पाण्यानं काही बिघडत नाही, बिघडतं ते मान मागे टाकल्यानं. रक्त घशातून पोटात उतरतं, थोड्या वेळानं काळपट उलटी होते आणि अख्खं घर हादरतं. पोराला बसवा, मान पुढे झुकवा, तोंडानं श्वास घ्यायला सांगा. नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि घड्याळ बघून १० ते १५ मिनिटं सोडू नका. थांबलं का ते बघायला मधे चिमटी उघडणं हीच मोठी चूक. फुटलेल्या जागी आधी प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, चिकटून कच्चं बूच बनतं, त्यावर फायब्रिनचे धागे विणले गेले की ते पक्कं होतं. दर मिनिटाला उघडून पाहिलं की कच्चं बूच वाहून जातं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. फोडलेला कांदा हुंगवल्यानं डोळ्यांत पाणी येतं, रक्त थांबत नाही. अर्ध्या तासात थांबलं नाही, किंवा माणूस रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल, तर दवाखाना गाठायचा.

आता ऊन. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. सावलीत निवांत बसलेल्याच्या कातडीतून त्यातलं मिनिटाला पाव ते अर्धा लिटर फिरतं. कडक उन्हात राबताना तेच रक्त पुन्हापुन्हा फिरून हा आकडा मिनिटाला ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतो, कारण आतली उष्णता बाहेर आणून टाकायचं काम रक्ताचंच आहे. हृदय वेग वाढवतं, तरी एवढं रक्त कुठून तरी काढावं लागतं. ते आतड्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या वाट्यातून काढलं जातं. आतड्यांच्या वाट्याची ही कपात लक्षात ठेवा, पुढे तीच भोवते.

कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून तापली की ती अंग गार करत नाही, उलट तापवते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर असताना कोरड्या अंगावर पंखा लावणं म्हणजे भट्टीचा भाता मारणं. तेव्हा उरतो एकच मार्ग, घाम. एक लिटर घाम वाळला की जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तरच, बरं का. टपकून गेलेला घाम फुकट. एप्रिल-मे मध्ये शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, म्हणजे घाम आपलं काम करतोय. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर पारा ३८ ला असतो पण हवा दमट, घाम नुसता निथळतो. त्या दिवसांत "आता काय ऊन राहिलं" म्हणणारा माणूस फसतो. पहिले दहा-बारा दिवसही तसेच जोखमीचे. उन्हाची सवय होते म्हणजे प्लाझ्मा, रक्तातला पातळ द्रव, वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. एसीतून उठून थेट तेंदूपत्ता तोडायला गेलेल्याला ही सवलत मिळत नाही.

घाम येतो तो प्लाझ्मातून. तासाला लिटरभर घाम गाळणारा माणूस पाण्यावाचून राहिला की रक्त दाट होतं, मेंदूत आणि हृदयात गुठळी धरण्याचा धोका वाढतो. सिकलसेलच्या रुग्णांचं तर विचारूच नका. पूर्व विदर्भात हा आजार घराघरांत आहे आणि पाणी कमी पडलं की त्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक वाहिन्यांत अडकतात. त्यांनी तहानेची वाट बघायची नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट विरघळवलं तर ते दाट पाणी आतड्यात उलट अंगातलंच पाणी ओढतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

उन्हात राबलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात, मग थर्मामीटर काही का म्हणेना. आतलं तापमान ४० अंशांच्या वर, म्हणजे १०४ फॅरेनहाइटच्या पुढे गेलेलं असतं, पण काखेत ते कमी दाखवतं. "अंग कोरडं नाही, घाम येतोय, म्हणजे ऊन लागलं नाही" हेही खोटं. राबत्या माणसाला उष्माघातात भरपूर घाम असू शकतो.

१०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नका. सावलीत आणा, कपडे उतरवा, अंगभर पाणी ओता आणि मग पंखा किंवा दुपट्ट्यानं वारा घाला. पाणी माठाचं असो की विहिरीचं, अंग सतत ओलं राहायला हवं. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा, कारण मोठ्या रक्तवाहिन्या तिथं कातडीजवळ असतात. धडधाकट तरुण मजूर असेल आणि गुरांचं टाकं जवळ असेल तर गळ्यापर्यंत त्यात बुडवणं सर्वांत वेगवान, मात्र दोघांनी डोकं धरून ठेवायचं. म्हाताऱ्यांना ओलं अंग आणि वारा बरा. अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणायचं आणि तिथं थांबायचं. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, पाणी फुप्फुसात जातं.

पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. इन्फेक्शनच्या तापात मेंदूनंच तापमानाचा काटा वर चढवलेला असतो, गोळी तो खाली आणते. उष्माघातात काटा जागेवरच असतो, गोळीला करायला काही उरत नाही, नुसता लिव्हरवर बोजा. ॲस्पिरिन तर घातक, एकदा घेतली की प्लेटलेट आठ-दहा दिवस अर्धवट निकामी. आणि "ताप उतरायची सुई" कमरेत टोचून घेऊ नका, का ते आता कळेल.

रक्ताचा पुरवठा तुटलेली आतड्याची भिंत झिरपू लागते, आतल्या जंतूंचे विषारी अंश रक्तात उतरतात. त्यांच्यामुळे आणि थेट उष्णतेमुळे रक्तवाहिन्यांचं अस्तर होरपळतं. जखम नसतानाही जागोजाग बारीक गुठळ्या होतात. त्या करण्यात प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनचे धागे ज्यापासून बनतात तो कच्चा माल, खर्ची पडतं आणि जिथं खरंच रक्त थांबायला हवं तिथं काही शिल्लक राहत नाही. नवीन माल तयार करणारं लिव्हरही भाजलेलं, त्याचा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतो. म्हणून सकाळी शुद्धीवर आलेल्या, चहा मागणाऱ्या माणसाला घाईनं घरी नेऊ नये. हिरड्यांतून रक्त, सलाईनच्या जागेतून झिरपणं, कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, काळं शौच किंवा काळ्या चहासारखी लघवी दिसली तर लगेच सांगा. शेवटचं लक्षण बहुधा स्नायू वितळल्याचं असतं. स्नायूत दिलेल्या सुईच्या जागी अशा वेळी रक्ताचा गोळा धरतो.

मोठ्या ठिकाणी रक्ताच्या गोठण्यासाठी प्लेटलेट, पीटी, फायब्रिनोजेन, डी-डायमर आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन बघतात. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट चांगला आला तरी तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. ग्रामीण रुग्णालयात रात्री लॅब बंद असेल तर घोणस-फुरशाच्या दंशात करतात ती काचनळीची चाचणी हाताशी असते. शिरेतून ताजं २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकं करायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठणं कोलमडलंय. नळी काचेचीच हवी, कारण काचेचा स्पर्शच गोठण्याची साखळी सुरू करतो. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचंही रक्त वेळेत गोठेलच असं नाही आणि उगाच घबराट होईल. उलट, गोठलं म्हणून निर्धास्तही होऊ नये. सौम्य बिघाड या चाचणीत सापडत नाही, म्हणून सहा तासांनी नवी नळी घेऊन पुन्हा करायची.