मे महिन्याचा आढावा : कूलरच्या ताट्या, एक दुर्बीण, तीन नाटकं आणि शून्य सावली

महिनाभरात घेतलेल्या, वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींची नोंद मी त्या त्या दिवशीच दिनदर्शिकेच्या चौकोनात करते. काय घेतलं, केवढ्याला घेतलं, कशासाठी घेतलं, एवढंच. महिनाअखेरीला त्यापुढे एक शब्द पडतो : वापरलं किंवा पडून आहे. सगळं शेवटी आठवून लिहायला बसलं तर फक्त शेवटचा आठवडा आठवतो आणि आढावा खोटा होतो.

नागपुरात मे महिन्याचं वेळापत्रक ऊनच ठरवतं. बाहेरची कामं पहाटेपासून नऊपर्यंत, अकरा ते पाच घरात, आणि सातनंतर पुन्हा दार उघडायचं. म्हणून या महिन्याची सुरुवात घरात राहणं ज्याच्यामुळे शक्य होतं त्या वस्तूपासून.

कूलर जुनाच, पत्र्याचा. खरेदी फक्त ताट्यांची, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसणाऱ्या आणि पाण्याने ओल्या राहणाऱ्या पडद्यांची, आणि पंपाची. बाजारात ताट्या तीन प्रकारच्या मिळतात. वाळ्याची ताटी सुगंधी, महाग आणि हवेला थोडी अडवणारी. वुडवूलची, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची, स्वस्त, गारवा उत्तम, पण एका उन्हाळ्याची सोबत. हनीकोंबची, म्हणजे पोळ्यासारख्या भोकांची, जाड कागदी ताटी दोन-तीन उन्हाळे टिकते, मात्र आपलं पाणी जड असेल तर त्या भोकांत क्षार बसतो आणि मग ती धुऊनही मोकळी होत नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात मी वुडवूललाच मत देईन. दरवर्षी बदलायची, म्हणजे क्षाराचा प्रश्नच उरत नाही.

नवी वुडवूलची ताटी थेट लावू नये. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली की तपकिरी पाणी निघतं, भुसा सुटतो आणि पहिल्या दिवशी घरभर सुटणारा तो ओल्या लाकडाचा वास बराच कमी होतो. लावताना चौकटीत सगळीकडे सारखी, साधारण चार-पाच सेंटिमीटर जाड बसवायची आणि सुतळीने चौकोन चौकोन बांधून घ्यायची. बांधली नाही तर ओली होऊन जड होते, खाली बसते आणि वरच्या बाजूला फट पडते. हवा सोपी वाट शोधते, त्यामुळे त्या फटीतून गरम हवा सरळ आत येते. तपासायला सोपं आहे : कूलर सुरू करण्याआधी ताटी उजेडासमोर धरायची. जिथून उजेड आरपार दिसतो तिथे मूठभर वुडवूल भरायचं.

दुसरी नेहमीची अडचण वरच्या पन्हाळीची. तिच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून पाणी ताटीवर ठिबकतं. भोकं बुजली की ताटीवर कोरडे उभे पट्टे दिसतात आणि लोक पंपाला दोष देतात. दाभण किंवा तारेचा तुकडा घेऊन एकेक भोक मोकळं करायला दहा मिनिटं पुरतात. पंप खरोखर जळतो तो टाकी कोरडी पडल्यावर. भर दुपारी मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो, म्हणून ज्यांना दर दोन-तीन तासांनी बादली ओतणं जमत नाही त्यांनी टाकीत पाणी आपोआप भरणारा आणि थांबवणारा बॉलकॉक लावून घ्यावा. पंखा सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसता पंप चालवायचा, नाहीतर कोरड्या ताटीतून धूळ आणि झळ दोन्ही घरात येतात.

कूलर लावूनही घर गार होत नाही ही तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा समोरच्या खिडकीबद्दल विचारते. कूलरची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेत हवी आणि खोलीच्या पलीकडच्या बाजूला कूलरच्या तोंडाएवढी तरी खिडकी उघडी हवी. सगळं बंद करून बसलं तर तीच ओली हवा फिरत राहते आणि अर्ध्या तासात अंग चिकट होतं. आकड्यांत सांगायचं तर बाहेर 43 अंश आणि हवेतली आर्द्रता 15 टक्के असेल, तर चांगल्या ताटीतून 27-28 अंशांची हवा मिळते. तोच कूलर पावसाळ्यात, बाहेर 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असताना, जेमतेम साडेतीन अंश खाली आणतो. कोरडा उन्हाळा हीच विदर्भातल्या कूलरची ताकद आहे, आणि त्यामुळेच तो मुंबईच्या घरात उपयोगाचा नाही.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, कडा घासून, कोरडी करायची. नुसतं वरून पाणी भरत राहिलं तर वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच साठत जातात. शिवाय डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्याचा नेम चुकवून चालत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय हा जीवघेणा मेळ आहे. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असायलाच हवा. त्याच्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. पाणी भरताना नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढायचा. यात कुणाचीही घाई ऐकू नये.

माठही नवा घेतला. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारा, आणि आतून-बाहेरून रंग किंवा चकाकी नसलेला. रंगवलेला माठ झिरपत नाही, झिरपत नाही म्हणून गारही होत नाही. पहिली रात्र पाणी भरून ठेवायचं, सकाळी ओतून टाकायचं, आतून साबण कधीच लावायचा नाही. कोपऱ्यात न ठेवता वाऱ्याच्या वाटेवर ठेवायचा. वाळ्याची छोटी जुडी सुती कापडात बांधून टाकली तर चार-पाच दिवसांनी ती उन्हात वाळवून घ्यावी. दिनदर्शिकेत दोन्हींपुढे : वापरलं.

महिन्याची मोठी खरेदी म्हणजे दुर्बीण, आणि तिचं कारण वैशाख पौर्णिमा. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर या आपल्या जवळच्या जंगलांत पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून प्राणी पाहण्याची संधी देतो. पौर्णिमेचा उजेड असतो आणि जंगलात पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं असतं, त्यामुळे प्राणी पाण्यावर येतातच. लोक याला प्राणीगणना म्हणतात, पण वाघांची शास्त्रीय मोजणी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आणि ठरलेल्या पायवाटांवरच्या नोंदींवरून होते. ही रात्र जंगल अनुभवण्याची आहे.

दुर्बिणीवर लिहिलेल्या दोन आकड्यांत सगळं असतं. 8×42 म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की सव्वापाच येतात, म्हणजे डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा. अंधारात आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते, म्हणून चांदण्यात हा झोत कामाचा. खिशात मावणारी 10×25 दुकानात लखलखीत उन्हात छान दिसते, पण तिचा झोत अडीच मिलिमीटरचाच. चांदण्यात तिच्यातून काळा डाग दिसतो. शिवाय दहापट मोठं दिसताना हाताचं कंपनही दहापट होतं आणि मचाणावर कोपर टेकायला जागा असेलच असं नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडा खाली दुमडून किंवा फिरवून पूर्ण चित्र दिसतं का, हे दुकानातच पाहावं. दुकानात तपासताना दिव्याकडे न पाहता काउंटरखालच्या अंधाऱ्या कप्प्यावरची अक्षरं वाचून पाहावीत.

मचाणावर एकदा चढलं की सकाळपर्यंत उतरता येत नाही हे धरूनच बांधाबांध करायची. माणशी चार-पाच लिटर पाणी. खाणं कोरडं आणि डब्यात, कारण कुरकुरणाऱ्या पाकिटाचा आवाज त्या शांततेत कुठल्या कुठे जातो. खाकी किंवा मेंदी रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, अत्तर नाही, डासांचं उग्र वासाचं मलम नाही. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून रबर बांधायचं आणि तीसुद्धा फक्त वहीवर धरायची. नोंदीत वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू आणि कुठल्या दिशेने आला, कुठल्या दिशेने गेला, एवढे रकाने आधीच आखून ठेवावेत. दिशेचा रकाना सगळ्यांत मोलाचा आहे. रानडुकरांचा तोच कळप रात्रीत तीनदा पाण्यावर येतो, आणि दिशा लिहिली नसेल तर सकाळी वहीत तीन कळप होतात.

डोळ्यांआधी कान कामाला येतात. सांबराचा मोठा, एकटा भोंगा आणि झाडावरच्या वानरांचं खोकल्यासारखं खेकसणं एकापाठोपाठ आलं तर कुणीतरी चालत येतंय असं समजावं. चितळ उगाचही घाबरतं, सांबर सहसा नाही. मध्यरात्री लाकडावर ठोकल्यासारखा एकसुरी आवाज येत राहतो तो रातवा पक्ष्याचा. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश घरी हाताशी असावा. तो सलग वाचायचा ग्रंथ नाही, पण जंगलातून आल्यावर एकेक नोंद उघडून पाहण्याचं सुख वेगळंच.

सलग वाचली ती महेश एलकुंचवारांची त्रिनाट्यधारा : ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’. पहिलं नाटक 1985 साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनात रंगभूमीवर आलं. बऱ्याच जणांनी तेवढंच वाचलेलं किंवा पाहिलेलं असतं आणि तिथेच थांबतात. माझा आग्रह आहे की तिन्ही ओळीने, फार खंड न पाडता वाचावीत. धरणगावकर देशपांड्यांच्या घरात कोण कुणाचं हे पहिल्या वीस पानांत एका कागदावर लिहून ठेवा. पुढे पिढी बदलते तेव्हा तो कागद लागतो. दुसरं म्हणजे वऱ्हाडी बोलीतले संवाद मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचताना ज्या ओळी साध्या वाटतात त्या आवाजात आल्यावर किती वजनाच्या आहेत ते कळतं. वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर, दागिन्यांचा डबा, विकलं गेलेलं आणि राहिलेलं यांचा हिशेब, हे सगळं विदर्भात वाढलेल्या कुणालाही परकं वाटणार नाही. भर दुपारी, बाहेर चिटपाखरू नसताना वाचायला यापेक्षा चांगलं काही या महिन्यात मिळालं नाही.

बघण्याजोगं फार नव्हतं. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणातला एक खेळ दुपारसाठी योग्य; घुमटाखाली मागच्या रांगा घ्याव्यात, पुढे बसलं तर मान अवघडते. तिकीट खिडकीवर मराठी खेळाची वेळ विचारून मगच निघावं. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, 1863 सालचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, सकाळी उघडल्या उघडल्या गाठलं तर शिलालेखांसमोर निवांत उभं राहता येतं. सोमवारी बंद असतं. मेट्रोने जायचं तर सीताबर्डीला दोन्ही मार्गिकांची गाडी बदलता येते आणि दुपट्टा न बांधता निम्मा प्रवास होतो.

महिन्याचा सगळ्यांत सुंदर कार्यक्रम मात्र घरच्या गच्चीवर आणि फुकट होता. नागपूर 21.15 उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोन दिवस दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. त्यातला पहिला दिवस 26 मे, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागलेला असतो तेव्हा. दुसरा जुलैच्या मध्यानंतर येतो, पण तेव्हा ढग बहुतेक दिसूच देत नाहीत. चंद्रपूरला हाच दिवस 20 मेच्या आसपास येतो, रामटेकला आपल्यानंतर एक-दोन दिवसांनी.

वेळ घड्याळातल्या बाराची नाही. आपली घड्याळं 82.5 रेखांशावर लावलेली आणि नागपूर 79.1 वर, त्यामुळे मध्यान्ह साधारण 12 वाजून 10 मिनिटांनी होते. तयारी पावणेबारापर्यंत उरकावी. एक फूटभर लांबीचा पीव्हीसी पाइप घ्यायचा, दोन्ही टोकं काटकोनात कापलेली. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून पाइप थेट जमिनीवर उभा करू नये. एक टाइल ठेवून तिच्याखाली कागदाच्या घड्या सरकवत लेव्हल पट्टीने ती समपातळीत आणायची, वर पांढरा कागद, त्यावर पाइप, आणि ओळंबा धरून दोन बाजूंनी सरळपणा तपासायचा. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. फूटभर पाइपची सावली तेवढ्या वेळात पाच मिलिमीटर हलते, त्यामुळे बारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेन्सिलची खूण करत जायचं. खुणा पश्चिमेकडून पाइपच्या बुडाशी येऊन थांबतात, पाइपच्या आत तळापर्यंत ऊन उतरतं आणि बाहेर कागद सगळीकडून पांढरा राहतो. थोड्याच वेळात सावली पूर्वेला डोकावते.

26 तारखेला ढग आले तर 25 किंवा 27 चालते. एका दिवसात सूर्य उत्तर-दक्षिण जेमतेम पाव अंशाहून कमी सरकतो आणि सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं असल्याने सावलीची कड मुळातच धूसर असते. हा फरक डोळ्यांना कळत नाही. सूर्याकडे पाहायचं नाही, मुलांना तर अजिबात पाहू द्यायचं नाही. पायात चपला, डोक्याला दुपट्टा, आणि साडेबाराच्या आत खाली.

जूनच्या चौकोनांत सध्या दोनच गोष्टी आहेत. वाचनालयात नाटकं परत देणं, आणि पहिला मोठा पाऊस झाला की कूलर बंद करणं : टाकी कोरडी, वुडवूल काढून फेकून देणं, पंप गोड्या पाण्यात अर्धा तास चालवून पुसून पिशवीत, आणि पत्र्याला जिथे गंज दिसेल तिथे पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा एक हात.