टेरिकॉटचं पाणी

शाळेच्या पांढऱ्या शर्टच्या लेबलवर लिहिलेलं असतं, ६७ टक्के पॉलिस्टर, ३३ टक्के कॉटन. ते खरं की खोटं हे तपासायची प्रयोगशाळेतली रीत जुनी आणि सरळ आहे. एक ग्रॅम कापड ७५ टक्क्यांच्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ५० अंशांवर तासभर ठेवायचं, अधूनमधून हलवायचं. कापूस विरघळतो, पॉलिस्टर उरतं. उरलेलं धुऊन, वाळवून तोलायचं. इचलकरंजीजवळच्या आमच्या छोट्या पायलट प्लांटमध्ये आम्ही जुन्या कपड्यांतला कापूस आणि पॉलिस्टर वेगळे करून परत मिळवतो; तिथे जुन्या गणवेशांचं पोतं उघडलं की मी आधी हे करते. एकाच शाळेचे, एकाच रंगाचे दोन शर्ट वेगवेगळे आकडे देतात, म्हणून लेबलवर विसंबून मी रिॲक्टर कधीच भरत नाही.

त्याआधी टेबलावर बसलेल्या मावशींचं काम. बटणं काढा, इलॅस्टिक काढा, चेन उसवा, कॉलर कापून बाजूला टाका. कॉलरमध्ये चिकटवलेली कॅनव्हास असते आणि तिचा गोंद पुढे सगळ्या मालात मिसळतो. बटणं बहुधा पॉलिस्टरचीच असतात, पण ती वितळणारी जात नव्हे. एखादं चुकून आत गेलं तर गाळात खड्यासारखं सापडतं. मशीन हे काम करेल का असं मला विचारणाऱ्यांना मी या टेबलापाशी तासभर बसवते.

कापूस आणि पॉलिस्टर हाताने किंवा यंत्राने वेगळे का करता येत नाहीत, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. टेरिकॉटचा, म्हणजे या मिश्र कापडाचा, धागा हा दोन धाग्यांचा पीळ नव्हे. सूतगिरणीत दोन्ही तंतू आधी मिसळतात आणि मग कताई होते, त्यामुळे एका बारीक धाग्याच्या छेदात शंभराच्या आसपास तंतू एकमेकांत घुसलेले असतात. कापसाने घाम टिपायचा, पॉलिस्टरने इस्त्री टिकवायची, हा संसार इतका घट्ट बसवलेला आहे की तो मोडायला रसायनच लागतं. आणि तो मोडत नाही म्हणूनच बाजारातलं जवळजवळ सगळं ‘रिसायकल्ड पॉलिस्टर’ आजही पाण्याच्या बाटल्यांपासून येतं, जुन्या कपड्यांपासून नाही.

सल्फ्युरिक ॲसिडने आम्हाला पॉलिस्टर मिळेल, पण कापूस जाईल. आम्हाला दोन्ही हवं आहे. म्हणून आम्ही उलट्या बाजूने जातो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, ९० अंशांवर, थोडा उत्प्रेरक घालून कापड काही तास ठेवलं की पॉलिस्टरची लांब साखळी तुटत तुटत ज्या दोन गोष्टींपासून ती बनली त्यांच्यापर्यंत येते: टेरेफ्थॅलिक ॲसिड, ज्याला सगळे टीपीए म्हणतात, आणि ग्लायकॉल. दोन्ही पाण्यात उतरतात, टीपीए कॉस्टिकमधल्या सोडियमशी जोडलेला क्षार होऊन. कापूस कॉस्टिकला बऱ्यापैकी तोंड देतो आणि जागेवर राहतो.

त्या दिवशी पांढऱ्या शर्टांची बॅच होती. पंपाच्या ग्लँडमधून गळत होतं, म्हणून शेजारच्या युनिटमधल्या मास्तरांना बोलावलं होतं. मूळचे अमळनेरचे, सगळी हयात सुरतेच्या प्रोसेस हाऊसमध्ये डाईंग मास्तर म्हणून गेली, आता मुलाकडे इकडे राहतात आणि बसून राहवत नाही म्हणून कुणाच्याही मशिनरीला हात लावायला येतात. पंप झाला, पण ते गेले नाहीत. मी रिॲक्टरमधून कापडाचा तुकडा काढून धूत होते. विणीतला आडवा-उभा धागा तसाच होता, शिवणीची भोकंही दिसत होती, पण कापड इतकं विरळ की पलीकडची माझी बोटं स्पष्ट दिसत होती. दोन तृतीयांश ऐवज निघून गेला होता, आणि आकार मात्र शाबूत.

मास्तरांनी हातमोजा घातला, तुकडा चिमटीत धरून ताणला आणि म्हणाले, “ताई, हे तर आपलं वेट रिडक्शन.”

अगदी बरोबर. पॉलिस्टरच्या साडीला रेशमासारखी मऊ पडणारी घडी यावी म्हणून प्रोसेस हाऊसमध्ये ती कॉस्टिकमध्ये उकळतात. तंतूची वरची साल जाते, तो बारीक होतो, कापड लोळतं. दहा-वीस टक्के वजन घटतं आणि ते घटवणं हेच कौशल्य. जास्त घटलं तर साडी फाटते. मास्तरांनी आयुष्यभर जिथे थांबायचं ते शिकलं आणि शिकवलं. आम्ही तेच थांबवत नाही, एवढाच फरक.

मग मी रिॲक्टरमधलं पाणी दुसऱ्या भांड्यात घेतलं. फिकट चहाच्या रंगाचं, पण आरपार दिसणारं. त्यात सावकाश सल्फ्युरिक ॲसिड सोडायला लागले. बराच वेळ काहीच होत नाही. आधी उरलेला कॉस्टिक मरतो. पीएच सहाच्या खाली गेला आणि ढवळणाऱ्या दांड्याभोवती धूसर वलय दिसलं. मग मिनिटा-दोन मिनिटांत सगळं भांडं दूध नासावं तसं झालं आणि दांडा जड फिरायला लागला. पाण्यात न विरघळणारं टीपीए बाहेर पडलं होतं.

मास्तर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “हा गाळ मी ओळखतो. आमच्या ईटीपीत, सांडपाण्याच्या प्लांटमध्ये, न्यूट्रल करायच्या टाकीत हाच बसायचा. फिल्टर प्रेसची कापडं चोंदायची, पोरं वैतागायची. चुन्याचा असेल म्हणून आम्ही ट्रॉलीत भरून द्यायचो.”

मी पुस्तकात वाचलं होतं की वेट रिडक्शनच्या पाण्यात सोडियम टेरेफ्थॅलेट, म्हणजे टीपीएचा हाच क्षार, असतं. पण ज्याने तो गाळ वर्षानुवर्षं फावड्याने उपसायला लावला त्याच्या तोंडून ऐकणं निराळं. आम्ही इथे पोतं-पोतं जुने शर्ट गोळा करून, बटणं काढून, जो माल मिळवायला धडपडतो, तो कित्येक ठिकाणी बटण-कॉलर काही नसताना, स्वच्छ, रंगवण्याच्याही आधीच्या कापडातून आपोआप पाण्यात येतो आणि कचऱ्यात जातो. मला त्या दिवशी राग आला आणि आनंदही झाला, आणि दोन्ही खरे होते.

त्यानंतर आम्ही दोघं फळ्यापाशी उभे राहून हिशेब मांडत बसलो. एक किलो पॉलिस्टर पूर्ण तुटलं तर कागदावर साधारण ८६५ ग्रॅम टीपीए मिळतं. त्यासाठी किमान ४१५ ग्रॅम कॉस्टिक लागतो, आणि टीपीए बाहेर काढायला ५१० ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड. मागे राहतं ७४० ग्रॅम सोडियम सल्फेट आणि पाण्यात पसरलेलं ३२० ग्रॅम ग्लायकॉल. म्हणजे जेवढा माल, जवळजवळ तेवढंच मीठ. कॉस्टिक जास्तीचा घातला तर मीठ आणखी वाढतं. पंचगंगेच्या काठी राहून हे पाणी कुठे जाणार हे न विचारता मी ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द उच्चारणार नाही. इथल्या लोकांनी या नदीच्या पाण्यापायी पुष्कळ सोसलंय.

हाँगकाँगच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये दाखवलेली वाट या बाबतीत हुशार आहे. पाणी, उष्णता, दाब आणि थोडंसं सेंद्रिय ॲसिड वापरून ते कापसाचीच पूड करतात आणि पॉलिस्टर तंतूच्या रूपातच परत मिळवतात. मिठाचा ढीग नाही. पण रंग पॉलिस्टरमध्येच राहतो, आणि कापूस पूड झाला की त्याचा धागा थेट होत नाही. आमच्या वाटेत रंग धुऊन काढायची संधी तरी मिळते.

सोडियम सल्फेटचा आकडा बघून मास्तर म्हणाले, “हे तर ग्लॉबर सॉल्ट. कॉटन रंगवणारे गोणीने विकत घेतात.” रिॲक्टिव्ह रंग कापसावर चढायला मीठ लागतंच. पण त्यांनी लगेच अटीही सांगितल्या: लोह नको, नाहीतर शेड मळकी होते, आम्लता उरायला नको, पाण्याला जड करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम नको. माझ्या वहीत त्या पानावर सगळं त्यांच्याच अक्षरात आहे.

खाकी पँटच्या बॅचने पुढे चांगलंच दमवलं. टीपीए पिवळट निघालं. पॉलिस्टर रंगवणाऱ्या डिस्पर्स रंगाचे तुकडे त्याच्याबरोबर येतात, म्हणून आता ॲसिड सोडायच्या आधी, पाणी कॉस्टिकमध्ये स्वच्छ असतानाच, ते ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून काढतो. पांढऱ्या शर्टांचं टीपीए नव्या ग्लायकॉलबरोबर, अँटिमनीच्या उत्प्रेरकावर, शेवटी २८० अंशांवर निर्वाताखाली शिजवलं आणि त्याचा तंतू ओढला. तो थंड झाल्यावर बोटांनी ताणला तर तीन-चार पट लांबला आणि मग घट्ट, चमकदार झाला. पॉलिस्टरचा नवा तंतू असाच वागतो. रंगाने किंचित पिवळसर होता. शर्ट शिवण्याइतका पांढरा नाही, पण उशीत भरायला किंवा गडद रंगवायला चालेल.

पैशांत हे अजून परवडत नाही. खनिज तेलापासून बनलेलं नवं टीपीए स्वस्त आहे आणि जुना शर्ट गोळा करणाऱ्याला, उसवणाऱ्या मावशींना, दोघांना नीट पैसे द्यायचे असतील तर आमचा किलो महागच पडणार. तरी हे काम मी सोडणार नाही, कारण जगात बनणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिस्टर आहे आणि ते कुठे ना कुठे पडून राहणारच आहे.

सध्या मास्तरांच्या ओळखीने सुरतेच्या एका प्रोसेस हाऊसशी बोलणं चालू आहे. चीनमध्ये वेट रिडक्शनचं पाणी वेगळं घेऊन त्यातून टीपीए काढतात, मग आपल्याकडे का नको, एवढंच आमचं म्हणणं. त्यांना फार काही करायचं नाही. जेटमधून, म्हणजे कापड फिरवत ठेवणाऱ्या मशीनमधून, निघणारं वेट रिडक्शनचं पहिलं पाणी रंगाच्या पाण्यात मिसळायच्या आत निराळ्या टाकीत घ्यायचं, आणि त्यातले वीस लिटर आम्हाला पाठवायचे. पाइप कुठून तोडायचा याचं चित्र मास्तरांनी काढून दिलंय.