पहिला तुकडा

शस्त्रक्रियागृहातून आमच्या पॅथॉलॉजी विभागात तपासणीसाठी आलेला तो तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता. सलाइनने ओलसर केलेल्या गॉझवर तो करडा, किंचित चकचकीत असा पडला होता. सोबतच्या फॉर्मवर लिहिले होते: पुरुष, वय ५८, डाव्या टेम्पोरल लोबमधील गाठ, फ्रोझन सेक्शन. केसपेपरवरून एवढे कळले की रुग्ण प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि निवृत्त होऊन त्यांना तीनच महिने झाले होते. आधी त्यांना बोलताना नेमका शब्द सापडेना, घड्याळाला ते ‘ते गोल’ म्हणू लागले, आणि मग पहाटेची डोकेदुखी व उलट्या सुरू झाल्या.

मेंदूच्या गाठीचे फ्रोझन म्हणजे कवटी उघडी असताना, साधारण वीस मिनिटांत द्यायचे उत्तर. आम्ही अर्धा तुकडा दोन काचांमध्ये दाबून पसरतो, ज्याला स्क्वॉश म्हणतात, आणि उरलेला अर्धा क्रायोस्टॅटमध्ये उणे २० अंशांच्या आसपास गोठवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेतो. त्या दिवशी दोन्ही स्लाइड चांगल्या रंगल्या होत्या. पेशींची संख्या थोडी वाढलेली होती, काही केंद्रके गडद व वेडीवाकडी होती, पार्श्वभूमी तंतुमय होती. रक्तवाहिन्या मात्र बारीक, सरळ आणि निरोगी मेंदूत असतात तशाच होत्या. ‘कमी ग्रेडचा ग्लिओमा’, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची सावकाश वाढणारी गाठ, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते आणि रिसीव्हर हातात होता.

तो खाली ठेवून मी संगणकावर एमआरआय उघडला, आणि तसे केले नसते तर काय झाले असते याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. गाठीच्या मध्यभागी काळोख होता आणि त्याभोवती जाड, खडबडीत पांढरे कडे. हे कडे स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेल्या गॅडोलिनियम या द्रव्यामुळे दिसते. निरोगी मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की हे द्रव्य रक्तातून बाहेर पडू शकत नाही. ते जिथे झिरपते तिथेच चित्र पांढरे होते. म्हणजे पांढरे कडे हेच गळणाऱ्या रक्तवाहिन्यांचे चित्र असते, आणि माझ्या स्लाइडवर तर गळेल अशी एकही वाहिनी नव्हती. दोन्हींचा मेळ बसत नव्हता.

मी सर्जनना फोन लावला. “सर, हा तुकडा गाठीच्या बाहेरच्या काठाचा वाटतो. स्कॅनमध्ये जे कडे दिसते, तिथला हवा.”

“मॅडम, तिथे हात लावला की रक्त येते. भाषेचा भागही जवळ आहे.”

“लहानच द्या, पण तिथलाच द्या.”

दुसरा तुकडा यायला अकरा मिनिटे लागली. तो लालसर होता आणि काचांमध्ये दाबताना आमच्या तंत्रज्ञांनाच जाणवले की तो सहज पसरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कारण दिसले. ओल्या जमिनीतून हरळी उपटली की मुळांना ठिकठिकाणी मातीची ढेकळे लटकून येतात, तशा फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या काचेवर ओढल्या गेल्या होत्या आणि त्यांच्यावर जागोजागी पेशींचे गोळे होते. गोठवलेल्या कापात हेच गोळे अधिक स्पष्ट झाले. मूत्रपिंडातील गाळणीच्या पुंजक्यांशी त्यांचे इतके साम्य असते की आमच्या शास्त्रात त्यांना नावही त्यावरूनच पडले आहे. निरोगी केशवाहिनीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो, आणि प्रौढ मेंदूत त्या पेशी क्वचितच विभागतात. इथे थरावर थर चढले होते, मधली पोकळी फटीएवढी उरली होती आणि एका वाहिनीच्या भिंतीतच एक पेशी विभागणीच्या मध्यावर पकडली गेली होती. तिची गुणसूत्रे पट्टीसारखी एका रेषेत उभी होती. ही पेशी कर्करोगाची नव्हती, रुग्णाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीची होती. गाठीच्या सांगण्यावरून ती विभागत होती.

हे सांगणे कसे होते, ते त्याच कापात थोडे बाजूला दिसत होते. तिथे मेलेल्या ऊतीचा एक पट्टा होता आणि त्याच्या काठाने गाठीच्या पेशी दाटीवाटीने उभ्या होत्या. ऑक्सिजन संपत आलेल्या अशा जागी पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात. ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे सर्वांत उग्र ग्लिओमात, ते नेमके अशाच मृत भागांच्या कडेला तयार होते, हे १९९२ मध्ये दाखवले गेले. गाठीला एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायचे तर नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार बॉस्टनचे सर्जन जूडा फोकमन यांनी १९७१ मध्येच ठामपणे मांडला होता. मला मात्र या प्रथिनाचा त्याहून वेगळा इतिहास महत्त्वाचा वाटतो. १९८३ मध्ये ते प्रथम वर्णिले गेले ते वाहिन्या वाढवणारे म्हणून नव्हे, तर वाहिन्या गळक्या करणारे म्हणून. या गळतीमुळेच गाठीभोवतीचा मेंदू सुजतो, आणि गुरुजींना घड्याळाचे नाव आठवत नव्हते त्यात त्या सुजेचा मोठा वाटा असावा. शिवाय घाईने उभ्या राहिलेल्या या वाहिन्या रक्तही नीट वाहून नेत नाहीत. त्या वाकड्या असतात, त्यांत गुठळ्या होतात, ऑक्सिजन पुन्हा कमी पडतो आणि पुन्हा तेच प्रथिन सुटते.

मी फोनवर ‘हाय ग्रेड ग्लिओमा, लिम्फोमा नाही’ असे कळवले. लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग; तो असता तर गाठ काढत बसण्याचे कारण नव्हते. आता भाषेचा भाग सांभाळून जमेल तितकी गाठ काढायची, हे ठरले. पुढच्या आठवड्यात अंतिम अहवाल ग्लिओब्लास्टोमाचा गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार आता काही जनुकीय बदल सापडले तर रक्तवाहिन्यांचे असे गोळे दिसले नाहीत तरीही चौथी, म्हणजे सर्वांत वरची ग्रेड देता येते, आणि ते योग्यच आहे. पण त्या चाचण्यांना दिवस लागतात आणि पैसेही लागतात. त्या दुपारी टेबलावर जे बोलले ते रक्तवाहिन्यांचे गोळेच.

किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध झाले. दहा महिन्यांनी गाठ परतली, कडे पुन्हा पांढरे झाले आणि गुरुजींचे शब्द पुन्हा हरवू लागले. तेव्हा त्यांना बेवासिझुमॅब सुरू केले. हे औषध म्हणजे व्हीईजीएफला पकडून ठेवणारे प्रतिपिंड. परतलेल्या ग्लिओब्लास्टोमासाठी अमेरिकेत त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली. सुमारे दोन महिन्यांनी ट्यूमर बोर्डात, म्हणजे सर्व संबंधित डॉक्टरांच्या बैठकीत, रेडिओलॉजिस्टनी जुना आणि नवा स्कॅन शेजारी लावला. कडे जवळजवळ पुसले गेले होते. स्टेरॉइडचा डोस निम्म्यावर आला होता, आणि गुरुजी सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात, असे त्यांच्या मुलाने सांगितले होते. खोलीत सर्वांनाच बरे वाटले. मलाही वाटले, आणि ते वाटणे खोटे नव्हते. वाचता येणे ही खरी मिळकत आहे.

मात्र कडे पुसले जाणे म्हणजे गळती थांबणे. गाठीच्या पेशी संपल्या, असा त्याचा अर्थ होतोच असे नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत सुरुवातीपासून हे औषध दिल्यावर गाठ वाढण्याआधीचा काळ लांबलेला दिसला, पण रुग्णांचे एकूण आयुष्य वाढले नाही. रेडिओलॉजिस्टनी पुढची प्रतिमा लावली. एमआरआयच्याच फ्लेअर नावाच्या त्या चित्रात गॅडोलिनियमवर अवलंबून राहावे लागत नाही. त्यात डाव्या बाजूची अंधूक पांढरट छटा पूर्वीपेक्षा पसरलेली होती आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्यापर्यंत पोहोचली होती. तिथे गॅडोलिनियम झिरपत नव्हते.

सर्जन काही वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले. मग ते म्हणाले, “मॅडम, त्या दिवशीची तुमची पहिली स्लाइड दाखवता का? कड्याची नको, आधीची.”

मी दोन्ही स्लाइड नेल्या होत्या. पहिली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ती पडद्यावर उमटली: थोड्या वाढलेल्या, गडद केंद्रकांच्या पेशी, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या बारीक, सरळ, न गळणाऱ्या रक्तवाहिन्या. त्या मेंदूच्या स्वतःच्याच होत्या, आणि गाठीच्या काही पेशी त्यांना अगदी चिकटून, त्यांच्याच कडेने पुढे सरकल्या होत्या. या पेशींना नव्या वाहिन्यांची गरज पडली नव्हती, त्यामुळे वाहिन्यांवरचे औषध त्यांना अडवणारही नव्हते. वर्षभरापूर्वी हातात रिसीव्हर धरून मी ज्या तुकड्याला ‘कमी ग्रेडचा’ म्हणणार होते, तो हाच होता.