मालकांची संघटना होती, आमची नव्हती

जानेवारी 2024 चा ड्रायव्हरांचा संप बहुतेकांना पेट्रोल पंपांवरच्या रांगांमुळे आठवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये एक पोटकलम आलं होतं: बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. 1 तारखेपासून गाड्या उभ्या राहिल्या. 2 तारखेच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी दिल्लीत बैठक घेतली आणि ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी बोलल्याशिवाय हे पोटकलम लागू करणार नाही, असं जाहीर केलं. ही काँग्रेस म्हणजे वाहतूकदारांची, गाडीमालकांची संस्था. त्यांनी वाईट केलं असं मी म्हणणार नाही. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम खरंच बाजूला ठेवलं गेलं. पण तुरुंगात जायची वेळ आली असती तर शेठ गेले नसते. स्टिअरिंगवरून उतरलो आम्ही आणि खुर्चीवर बसले ते.

मी ट्रेलर चालवतो. न्हावा शेव्याचे कंटेनर, बहुतेक भिवंडी नाहीतर चाकण. आपली वेगळी युनियन हवी, ही गोष्ट आमच्यात वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर निघाली आणि पहिल्याच बैठकीत एका जुन्या उस्तादांनी ती उडवून लावली. त्यांचं म्हणणं असं, की युनियन म्हणजे पावतीपुस्तक. वर्गणी जमते, बोर्ड लागतो, पुढारी मोठा होतो आणि ड्रायव्हर तिथंच राहतो. शिवाय गिरणीला गेट असतं, तिथं सकाळी उभं राहून माणसं जमवता येतात. ड्रायव्हर आज इथं तर परवा इंदूरला. सभा भरवणार कुठे? पहिल्या आक्षेपाला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. दुसऱ्याचं मिळालं, ते पुढे सांगतो.

मला हुरूप आला तो मामांमुळे. मामा मशीद बंदरला माथाडी, साताऱ्याकडून आलेल्या टोळीतले. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला आणि तेव्हापासून त्यांची मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळते. मालक वरून लेव्ही भरतो, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे सुटतात. मामा म्हणाले, "अरे, पोती उतरवणाऱ्याला मंडळ आहे, मग ती आणणाऱ्याला का नाही?" 2024 मध्येच राज्यानं रिक्षा-टॅक्सीवाल्यांसाठीही कल्याणकारी मंडळ केलं. ट्रकवाला त्यात नाही.

कामगार कायद्याचं काम करणाऱ्या एका वकीलबाईंनी आम्हाला फुकट वेळ दिला. कायदा तेव्हा 1926 चा, ट्रेड युनियन अॅक्ट. सात जण अर्ज करू शकतात हे आम्ही कुठून तरी ऐकलं होतं. बाईंनी पुढचं सांगितलं: 2001 च्या दुरुस्तीनंतर त्या उद्योगातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद अर्जाच्या दिवशी असावेच लागतात. एका कारखान्याची युनियन असेल तर दहा टक्क्यांवर भागतं. आमचा अख्खा धंदा, म्हणजे शंभर. आणि नुसती नावं नाहीत, तर प्रत्येकाचं काम आणि कामाच्या ठिकाणाचा पत्ताही.

कामाच्या ठिकाणाचा पत्ता! एका पठ्ठ्यानं सरळ "मुंबई-बेंगळुरू हायवे" लिहून दिलं. आधार कार्डावर गाव बीडचं, जौनपूरचं किंवा नागौरचं, आणि नेमणुकीचं पत्र शंभरात दोघांकडे असेल तर नशीब. मग गाडी जिथून भरायची ऑर्डर मिळते त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचा पत्ता घालायचं ठरलं. पुरावा म्हणून लायसन्स आणि बंदराचा गेटपास जोडला, कारण त्यावर ड्रायव्हरचं नाव असतं. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, नाव असेल तर तीही. तुम्ही असलं काही काढणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: आजपासून गेटपास आणि ट्रिपशीटचे फोटो काढून ठेवा. आपण कामाला आहोत हे सिद्ध करायला ड्रायव्हरकडे याहून दुसरं फारसं काही नसतं.

सह्यांसाठी लोक सापडले ते रांगेत. बंदराच्या बाहेर, यार्डात, कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाड्या तासन् तास उभ्या असतात. उस्तादांच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर हेच. आमचं गेट म्हणजे पार्किंग. तिथं माणूस केबिनमध्ये एकटा बसलेला असतो, घाईत नसतो आणि वैतागलेला असतो. गाडी थांबली म्हणून मालवाली पार्टी शेठला डिटेन्शनचे, म्हणजे खोळंब्याचे, पैसे देते, ड्रायव्हरला मात्र त्यातलं काही मिळत नाही. हा एक मुद्दा काढला की अर्ज पुढे करावा लागायचा नाही, ते स्वतःच मागायचे. अर्थात भीतीही होती. सह्या गोळा करणाऱ्या एकाला त्याच्या शेठनं न बोलता गाडीवरून उतरवलं, आणि त्यानंतर बरेच जण "नाव लिही, पण फोटो नको" म्हणू लागले.

खरा वाद झाला नियमावलीवर. उद्देश, वर्गणी, हिशेब तपासणी, पदाधिकारी नेमायची आणि काढायची पद्धत, निधी कशावर खर्च करायचा, हे सगळं त्यात लिहावं लागतं. वर्गणी अडली नाही. असंघटित क्षेत्रासाठी कायद्यात किमान वर्षाला तीन रुपये होते, आम्ही अर्थातच जास्त ठेवली. अडलं ते "ड्रायव्हर कोण" यावर. ज्याची स्वतःची एकच गाडी आहे, हप्ते डोक्यावर आहेत आणि चालवतोही तोच, तो कामगार की मालक? त्याला भाड्याचा दर वाढवून हवा. पगारी ड्रायव्हरला भत्ता आणि पगार वाढवून हवा. आज दोघं एकाच टपरीवर चहा पितात, उद्या त्यानं दुसरी गाडी घेऊन तिच्यावर आपल्यातलाच एक जण ठेवला की दोघांत शेठ आणि नोकराचं नातं येतं. एक गट म्हणाला, सगळ्यांना घ्या, संख्या वाढेल. मी विरोधात होतो आणि अजूनही आहे. शेवटी तोडगा असा निघाला: जो स्वतःची गाडी स्वतः चालवतो आणि पगारी ड्रायव्हर ठेवत नाही, तो सभासद. ड्रायव्हर ठेवला त्या दिवशी सभासदत्व संपलं. पदाधिकारी मात्र पगारी ड्रायव्हरच. यावर दोन चांगली माणसं रुसून गेली, ती परत आलेली नाहीत.

अर्ज भरला तो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात. नाव आधीच्या एखाद्या युनियनशी मिळतंजुळतं असलं तर निबंधक बदलायला सांगू शकतो, आमच्या बाबतीत तेच झालं. खिडकीवरचे साहेब चांगले होते, पुढच्या वेळी तीन पर्यायी नावं घेऊन या म्हणाले. ठराव, याद्या, सह्या यांच्या प्रती काढण्यात वेळ गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दाखला मिळाला.

मामांनी पेढे वाटले. वकीलबाईंनी मात्र तेव्हाच सांगितलं, की नोंदणी म्हणजे मान्यता, म्हणजे मालकाशी वाटाघाटीचा हक्क, नव्हे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात मान्यता मिळायची तर आस्थापनात किमान पन्नास कामगार लागायचे आणि त्यातले तीस टक्के सलग सहा महिने आपले सभासद. पन्नास ड्रायव्हर एका नावावर ठेवणारा शेठ किती ठिकाणी आहे? 1961 चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि एक दिवस सुट्टी नोव्हेंबर 2025 पर्यंत द्यायचा, पण पाच किंवा जास्त कामगार असतील तिथं. म्हणून गाड्या थोड्या स्वतःच्या, थोड्या बायकोच्या, थोड्या मेव्हण्याच्या नावावर. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या 1884 च्या संघटनेकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती, तरी गिरणी कामगारांना 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली. आमच्याकडे ही तिन्ही आहेत, सुट्टी तेवढी कागदावर आहे.

मग हा खटाटोप कशासाठी? जुलै 2025 मध्ये वाहतूकदारांनी ई-चलानविरोधात राज्यात संप पुकारला, तेव्हा मला त्याचं उत्तर मिळालं. त्यांच्या मागण्यांत एक होती: अवजड गाडीवर क्लीनरची सक्ती काढा. शेठच्या दृष्टीनं तो एक पगार. माझ्या दृष्टीनं तो रिव्हर्स घेताना मागे उभा राहणारा माणूस आहे, आणि रात्री घाटात टायर फुटला तर जॅक लावणारा दुसरा हात. ई-चलानचंही तसंच. ते रद्द व्हावं हे ठीक, पण ते ड्रायव्हरच्या पगारातून का कापता, हा प्रश्न मालकांच्या निवेदनात येईलच कसा? आमच्या लेटरहेडवर आम्ही वेगळं पत्र दिलं: चलानाबाबत अर्धं तुमच्याबरोबर, क्लीनरबाबत विरुद्ध. त्याची पोच मिळाली. उत्तर आलेलं नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता आली आहे. जुनी नोंदणी चालते, पण नियमावली संहितेशी जुळती आहे असं निवेदन द्यावं लागतं. आस्थापनात एकाहून जास्त युनियन असतील तर वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला एक्कावन्न टक्के कामगार सभासद लागतात, आणि संपाआधी चौदा दिवसांची नोटीस. म्हणजे जानेवारी 2024 सारखं एका रात्रीत गाडी उभी करणं पगारी ड्रायव्हरला आता महागात पडू शकतं. आम्ही सध्या एक्कावन्न टक्क्यांच्या मागे नाही. ज्या चार-पाच शेठांकडे गाड्या जास्त आहेत तिथं डिटेन्शनचा अर्धा वाटा ड्रायव्हरला, एवढी एकच मागणी लेखी द्यायचं ठरलंय. उस्तादांनी अजून पावती फाडलेली नाही, पण पत्राचा मसुदा वाचून हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी उभी राहण्याचा, रोजचा दर त्यांनीच दुरुस्त करून दिला.