ते पोटातलं नव्हतं, सर

शाळासोबत्यांनो, दहावीत असताना आपल्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात विद्यार्थ्यांतर्फे बोलायचं काम माझ्याकडे आलं. भाषण तोंडपाठ होतं. शेवटचं वाक्य होतं, ‘सरांना आम्ही भावपूर्ण निरोप देतो.’ ‘भावपूर्ण’पर्यंत नीट आलो आणि जीभ घसरली. ‘सरांना आम्ही भावपूर्ण श्रद्धांजली वाहतो!’

सभागृह क्षणभर चिडीचूप. मग मागून जो हशा उठला, तो पुढच्या रांगेतल्या शिक्षकांनाही आवरला नाही. माझे पाय लटपटत होते. सर उठून माइकपाशी आले, म्हणाले, “त्याला अजून वेळ आहे रे.” मग पाठीवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं.

घरी जाताना एक मित्र सहज बोलून गेला, “पोटातलं ओठावर आलं की तुझ्या!” त्याने गंमतच केली होती. मला मात्र कित्येक रात्री झोप लागली नाही. त्याच वर्षी सरांनी मला कडक शिक्षा केली होती. त्या रागात मी खरंच त्यांचं वाईट चिंतलं होतं का?

पुढे भाषाविज्ञानाकडे वळलो ते याच प्रश्नामुळे. तिथे कळलं की हा वाद जुना आहे. व्हिएन्नाचे भाषाशास्त्रज्ञ रुडॉल्फ मेरिंगर यांनी डॉक्टर कार्ल मायर यांच्यासह १८९५ साली बोलण्यातल्या चुकांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. ध्वनी आणि शब्द एकमेकांना ओढतात, म्हणून चुका होतात, असं मेरिंगर यांचं म्हणणं. १९०१ मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी अशाच चुकांमागे दडपलेल्या इच्छा शोधल्या. म्हणजे माझा मित्र फ्रॉइडच्या बाजूचा! मी मेरिंगरच्या बाजूला आहे. ‘भावपूर्ण’ म्हटलं की पुढे काय येतं, हे प्रत्येक मराठी कानाला पाठ असतं. माझ्या तोंडून ती जोडीच आली, राग नव्हे.

आपल्या बाई एकदा घाईत ‘फडू आणि खळा’ म्हणाल्या होत्या, आठवतं? ‘खडू’चा ख आणि ‘फळा’चा फ यांनी जागा बदलल्या. दोन्ही शब्दांचे पहिलेच ध्वनी. पहिल्या शब्दाचा पहिला आणि दुसऱ्याचा शेवटचा ध्वनी अशी अदलाबदल सहसा होत नाही. शिवाय ‘फडू’ला अर्थ नसला तरी कानाला तो मराठीच वाटतो. जीभ चुकते तीही भाषेचे नियम सांभाळून, हे भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया फ्रॉम्किन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या विल्यम स्पूनर (१८४४–१९३०) यांच्या नावानेच इंग्रजीत अशी अदलाबदल ओळखली जाते. पण त्यांच्या नावावरचे बरेचसे किस्से इतरांनीच रचलेले आहेत. आपणही तेच केलं. बाईंची जीभ एकदाच घसरली आणि आपण वर्षभर त्यांच्या नावावर नवनवे शब्द खपवले. त्याचं मला आज वाईट वाटतं.

कारण त्याच बाईंचा एक प्रसंग मी विसरू शकत नाही. पाचवीत एक अबोल मुलगी वही घेऊन उठली आणि म्हणाली, “आई, झालं माझं लिहून.” आई आणि बाई, एका ब चा फरक. तिच्या लक्षात आलं तसा तिचा चेहरा लाल झाला. बाईंनी मान वर न करताच हात पुढे केला, “आण बघू, बाळ.” कोणी हसायच्या आत पुढचं गणित फळ्यावर आलंसुद्धा.

सर शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला येणार आहेत, असं कळलं. मेरिंगरचं सगळं त्यांना सांगणार आहे. आणि ती शिक्षा योग्यच होती, हेही.