पाचवी सेना

गुरुवार, रात्र

आज सकाळी ध्यानाला बसल्याबसल्या पुन्हा डोळा लागला. मान छातीवर पडलेली आणि जाग आली ती स्वतःच्याच घोरण्याने. उठले, वही ओढली आणि तारखेखाली एकच शब्द लिहिला : हरले.

दिवसभर तो शब्द खुपत राहिला. हरले, पण कुणाकडून? समोर तर कुणीच नव्हतं. मागची पानं चाळली, तर सगळीकडे हीच भाषा. आळसावर मात. मनाला नमवायचं. उद्या पुन्हा मैदानात. डोळे मिटून स्वस्थ बसण्याबद्दल मी लिहीत होते की मोहिमेवर निघाले होते?

पण हे खूळ माझ्या एकटीचं नाही. ‘जिन’ म्हणजे जिंकलेला. जैन हा शब्दच त्यावरून आला. वर्धमानाला जग ‘महावीर’ म्हणून ओळखतं. मुंडक उपनिषदात ओंकार धनुष्य, आत्मा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य. बायबलमधल्या पौलाच्या पत्रात विश्वासाची ढाल आहे, तारणाचं शिरस्त्राण आहे. बौद्धांच्या मंजुश्री बोधिसत्त्वाच्या हातात तर तलवारच, अज्ञान कापायला. आम्ही आसनं करतो त्यातलं वीरभद्रासनही ज्याच्या नावाचं आहे, तो शंकराच्या जटेतून उठला आणि त्याने दक्षाचं मुंडकं उडवलं. त्या आसनात गुडघा सांभाळत उभी असताना मला हे कधी आठवत नाही, हे बरंच आहे म्हणायचं.

संध्याकाळी सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथातलं पधानसुत्त पुन्हा वाचलं. बुद्ध तिथे माराच्या, म्हणजे साधनेतून मन ढळवणाऱ्याच्या, सेना एकेक करून मोजून दाखवतो. पहिली काम, दुसरी अरती म्हणजे साधनेतच मन न रमणं, तिसरी भूक-तहान, चौथी तृष्णा. पाचवी थीनमिद्ध : सुस्ती आणि पेंग. वाचून हसूच आलं. माझं सकाळचं घोरणं अडीच हजार वर्षांपूर्वीच यादीत लागलेलं आहे! मग भीती, मग शंका. आणि शेवटाकडे जे येतं त्याने हसू थांबलं : लाभ, कीर्ती, सत्कार, खोटेपणाने मिळवलेलं यश, स्वतःला उंच धरून दुसऱ्याला खाली लेखणं. म्हणजे वीराला लढून जे मिळतं तेच इथे शत्रूच्या फौजेत उभं आहे.

तेव्हापासून जैन कथेतला बाहुबली डोक्यातून जात नाही. राज्यासाठी भावाशी, भरताशी द्वंद्व. मारायला मूठ उगारली आणि तिथेच मन फिरलं. श्वेतांबर कथेत तो त्याच मुठीने स्वतःचे केस उपटतो आणि मुनी होतो. श्रवणबेळगोळच्या उंच मूर्तीमुळे पुढचं चित्र सगळ्यांना माहीत असतं : वर्षभर अचल उभा, अंगावर वेली चढलेल्या. (दहाव्या शतकात ती मूर्ती घडवून घेणारा चावुंडराय स्वतः सेनापती होता. रणांगण पाहिलेल्या माणसाला नेमका हाच वीर का हवासा वाटला असेल?)

पण वर्षभर उभं राहूनही केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, होत नाही. कारण धाकटे भाऊ त्याच्या आधी मुनी झालेले. वडिलांकडे, ऋषभदेवांकडे, गेलं तर त्या धाकट्यांना वंदन करावं लागणार. शेवटी बहिणी येतात, ब्राह्मी आणि सुंदरी, आणि म्हणतात, भाऊराया, हत्तीवरून खाली उतर. तो चक्रावतो. हत्ती कुठला? तो अहंकाराचा, हे कळतं तेव्हा वंदनाला जायला पाऊल उचलतो आणि त्या पावलाबरोबरच ज्ञान होतं.

राज्य सुटलं, मूठ सुटली, केस गेले, हत्ती तेवढा राहिला. मला तर वाटतं, राज्य सोडल्यामुळेच तो हत्ती जास्त उंच झाला असेल.

ख्रिस्ती जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाचंही असंच. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं, तंग बूट शोभणार नाहीत म्हणून या गृहस्थाने पुढे आलेलं हाड कापून घेतलं! अंथरुणात शूर सरदारांच्या कथा मागितल्या, मिळाली संतचरित्रं. पुढच्या वर्षी माँतसेराटच्या मठात वेदीपाशी तलवार ठेवली, पण त्यासाठी रात्रभर पहारा दिला तो नवा सरदार देतो तसाच. संतांबद्दलही मनात हेच, की फ्रान्सिसने केलं ना, मग मीही करणार. शस्त्र खाली ठेवलं तेही ऐटीतच. मी हसतेय, पण माझ्या वहीत दुसरं काय आहे?

ही भाषा बाहेर वळली की काय होतं, ते आणखी वाईट. विसाव्या शतकातल्या युद्धांत जपानमधल्या कित्येक झेन गुरूंनी सैन्याची तळी उचलली. ‘मी’ नाही, मरण नाही, ही शिकवण मारायला सोपं जावं म्हणून वापरली गेली. आतल्या शत्रूसाठी परजलेली तलवार आतच राहील, याची हमी कोण देणार? यावर आज जास्त लिहवत नाही.

तुकोबांची ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ ही ओळ आपण फार जोशात म्हणतो, छाती काढून. अभंग संपतो तो मात्र नामाच्या बळावर, स्वतःच्या नाही. आणि त्यांचे पाईकीचे अभंग आहेत. पाईक म्हणजे पायदळातला साधा शिपाई. त्याचा पोवाडा कुणी गात नाही, त्याचं काम धन्याच्या शब्दाला जागायचं. दुसऱ्या दिवशी पहारा पुन्हा असतोच. पेंग आली तर आली, खडबडून उठायचं आणि उभं राहायचं. त्यात हरण्यासारखं काय? हे मला मानवतं. पाईक चालतो पायीच.

हे लिहिताना फोन वाजला. गेल्या आठवड्यात ध्यानाचे ४० दिवस पूर्ण झाले तेव्हा अ‍ॅपने ढाल-तलवारीचं एक चिन्ह दिलं होतं, खाली लिहिलेलं ‘योद्धा’. त्याचा स्क्रीनशॉट मी दोघींना पाठवला होता. आत्ता तिसरीला कुठूनतरी कळलं म्हणून तिचं अभिनंदन आलंय. सकाळच्या घोरण्याबद्दल मी तिला काही कळवलेलं नाही. चिन्ह काढून टाकायचं म्हणून अ‍ॅप उघडलं, दोन मिनिटं बघत बसले.

अजून आहे.